बर्फातला घाट आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन

माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण रूट. कुंभार्ली घाटात त्यांची निम्मी नोकरी गेली. मी अमेरिकेत डेन्व्हरला आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना फोनवर उत्साहाने सांगत होते, की आमची सुबारू आउटबॅक बर्फातून कशी सरसर चढली, बाकीच्या गाड्यांची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि मी त्यांच्या शेजारून निघून गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चढवलीस कशी ते नको सांगू, पोरी. उतरवलीस कशी ते सांग."

मला काही सांगता आलं नाही. उतरताना मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी हायवेवरून उतरणाऱ्या एका वळणदार रॅम्पवर मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. पण पायाखाली पेडल थडथडतंय, स्टिअरिंग वळवलेलं आहे आणि गाडी मात्र नाकासमोर चालली आहे, ते तीन-चार सेकंद आजही अंगावर येतात. त्याला आता अकरा हिवाळे झाले. दर ऑक्टोबरमध्ये नव्याने आलेलं कुणी ना कुणी विचारतं, "ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन घेतलीय, आता बर्फाची काळजी नाही ना?" त्यांना जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवते आहे.

आधी ही गाडी करते काय, ते बघू. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. साध्या रस्त्यावर पुढच्या चाकांना थोडी जास्त, मागच्यांना थोडी कमी. पुढची चाकं घसरायला लागली की मधला क्लच आवळला जातो आणि मागे ताकद वाढते. एखादं चाक एकटंच फिरायला लागलं तर गाडी त्या एकाच चाकाला ब्रेक लावते, म्हणजे ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि आपल्याला कळतही नाही. सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका. गाडीच्या नाकावरच्या बिल्ल्यात सहा तारे असतात, आपल्या सहा कृत्तिकांसारखे. या कंपनीची चारही चाकं ओढणारी पहिली वॅगन १९७२ ची. तिची सुरुवात झाली ती ईशान्य जपानमधल्या वीज कंपनीच्या माणसांमुळे. बर्फातल्या लाइनवर जायला त्यांना जीपपेक्षा सुखाची गाडी हवी होती. म्हणजे हिचा जन्मच बर्फासाठी झालाय, हे खरं आहे.

पण ब्रेक प्रत्येकच गाडीला चार चाकांना असतात. पन्नास वर्षं जुन्या साध्या गाडीलाही. थांबताना ऑल-व्हील-ड्राइव्हचा काहीही उपयोग नाही. तिथे कामाला येतं ते फक्त टायरचं रबर आणि त्याखालचा रस्ता. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर वेगाने जाताना पूर्ण ब्रेक लावला, तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ४० मीटर लागतात. काचेसारख्या बर्फावर ९० मीटरच्याही पुढे जाते.

आणि खरा धोका याच्याही मागे लपलेला आहे. पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी सिग्नलवरून निघताना घसरते, चाक गरागरा फिरतं आणि ड्रायव्हर आपोआप सावध होतो. आपली वॅगन तशी घसरतच नाही. शांतपणे निघते, वेग घेते आणि रस्ता किती निसरडा आहे हे तुमच्यापासून लपवते. ते तुम्हाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. बर्फाच्या सकाळी घरासमोरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ताशी १५ मैलांवर एकदा जोरात ब्रेक दाबायचा. पेडल थडथडलं म्हणजे एबीएस जागं झालं. किती अंतरात थांबलो ते बघायचं. त्या दिवसाचा रस्ता कसा आहे ते त्या एका ब्रेकने समजतं. थडथड झाली म्हणून पाय काढायचा नाही, दाबूनच ठेवायचा. चाक पूर्ण अडकू नये म्हणून एबीएस ब्रेक सोडतं-धरतं, तोच तो धक्का. पहिल्यांदा तो जाणवला की माणूस दचकतो आणि पाय उचलतो. मीही उचलला होता.

टायरवर पैसे खर्च करा. गाडीच्या वरच्या मॉडेलचे, चामडी सीटचे पैसे वाचवा आणि टायरवर घाला, इतकं स्पष्ट सांगते. गाडीबरोबर येतात ते ऑल-सीझन टायर. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असेल तरच तो बर्फाच्या कसोटीला उतरलेला टायर. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं पुरेसं समजू नका. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बदलते आणि एप्रिल संपता संपता काढते. मार्चमध्ये ऊन बघून घाई करू नका, डेन्व्हरला सरासरीने सगळ्यात जास्त बर्फ मार्चमध्येच पडतो.

चारही टायर एकत्र बदला. दोन नवे, दोन झिजलेले असं या गाडीत चालत नाही. टायरच्या घेरात फरक पडला की पुढची-मागची चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधला क्लच विनाकारण झिजत राहतो. हवासुद्धा बघत राहा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमीच असणार.

आता घाट. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० हायवे रॉकी पर्वतात चढतो. या रस्त्यावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे गाडीच्या टायरला किमान ३/१६ इंच, म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर खोलीची नक्षी लागते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीलाही. खोली मोजायचं छोटं गेज दोन-चार डॉलरला मिळतं, ते डॅशबोर्डच्या खणात ठेवा. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. खाली आयडाहो स्प्रिंग्जला स्वच्छ ऊन असतं आणि बोगद्यातून पलीकडे बाहेर पडलं की समोर पांढरा पडदा. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठ-नऊ मैलांत रस्ता सुमारे २,००० फूट उतरतो. माझी परीक्षा दरवेळी इथेच असते.

अण्णांचा नियम होता, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आउटबॅकमध्ये सीव्हीटी आहे, म्हणजे टप्पे नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, खरे गिअर नाहीत. पण मॅन्युअल मोड आहे आणि स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअरसारखे टप्पे पाडता येतात. बोगद्यात असतानाच, कोरड्या रस्त्यावर, मी वेग उतरवते आणि खालचा टप्पा घेते. उतारावर पोहोचून, निसरड्यावर एकदम खालचा टप्पा टाकला तर चाकांना झटका बसतो आणि तेवढ्यानेही घसरू शकतं. म्हणून आधीच. आणि उतरताना मात्र ऑल-व्हील-ड्राइव्हचा खरा फायदा मिळतो: इंजिन गाडीला मागे ओढतं ते चारही चाकांवर वाटून. ब्रेकवर पाय फार ठेवावा लागत नाही. ठेवायचाच तर हलका, थोड्या वेळासाठी, सरळ पट्ट्यात. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, पूर्ण बंद.

वळणात ब्रेक नको, हे तर घाटात गाडी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बर्फात त्याचं कारण नीट कळतं. टायरपाशी पकड मोजकीच असते. ती वळायला वापरली तर थांबायला उरत नाही, थांबायला वापरली तर वळायला उरत नाही. माझ्या रॅम्पवर मी एकाच वेळी दोन्ही मागितलं होतं. म्हणून वळणाच्या आधी वेग पाडा, वळणात पाय स्थिर ठेवा, बाहेर पडताना हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. तरीही नाक सरळ जायला लागलं आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, तर आणखी वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पुढच्या चाकांनी रस्ता पुन्हा धरला की हाताला वजन जाणवतं. मग वळा. मागची बाजू घसरली तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडे न्या. ढिगाकडे, कठड्याकडे बघू नका, हात नजरेच्या मागे जातात.

हे वाचून येत नाही. पहिल्या मोठ्या बर्फाच्या रविवारी सकाळी एखादं रिकामं, दिव्याचे खांब नसलेलं पार्किंग बघा, तिथल्या माणसाला विचारा आणि अर्धा तास गाडी मुद्दाम घसरवा. माझ्या नवऱ्याला आणि मग मुलीला मी असंच शिकवलं. मुलीने पहिल्यांदा पुढची चाकं घसरताना ओळखली ती डोळे मिटायच्या भीतीतून बाहेर आल्यावर, पाचव्या-सहाव्या खेपेला.

पुढच्या गाडीपासून अंतर: ती एखाद्या खांबापाशी पोहोचली की एकपासून सावकाश मोजा, आठ-दहाच्या आधी तुम्ही तिथे पोहोचता कामा नये. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकला ओलांडू नका, त्याच्या मागचा रस्ताच सगळ्यात चांगला असतो.

बर्फ ओळखायला शिका. उणे १५ ला पडलेला कोरडा बर्फ रव्यासारखा असतो, बुटाखाली करकर वाजतो आणि त्यावर टायर बऱ्यापैकी धरतो. शून्याच्या आसपास, वरून पाणी सुटलेला बर्फ सगळ्यात वाईट. डेन्व्हरचं ऊन दुपारी रस्ता वितळवतं, संध्याकाळी तेच पाणी गोठतं आणि डांबरासारखंच काळं दिसतं. घरांच्या, डोंगरांच्या उत्तरेकडच्या सावलीत ते आठवडाभर राहतं. पुलांना खालूनही वारा लागतो, म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतात. पुढच्या गाडीच्या टायरमागून पाणी उडायचं थांबलं आणि रस्ता अजून ओला दिसतोय, तर ते पाणी नाही असं समजा.

निघण्यापूर्वी छतावरचा बर्फ पूर्ण काढा. वॅगनचं छत लांब असतं. पहिल्या ब्रेकला तो सगळा थर समोरच्या काचेवर येतो आणि हायवेवर मागच्या गाडीवर उडतो. एलईडी दिव्यांची उष्णता बर्फ वितळवण्याइतकी नसते, ते हाताने पुसा. काचेमागच्या कॅमेऱ्यांसमोर बर्फ साचला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद होते, तिच्या भरवशावर राहू नका. वॅगनची मागची काच उभी असते, हवेच्या भोवऱ्याने चिखलाचा बर्फ तिथेच येऊन बसतो. मागच्या वायपरचं पाणी गोठणार नाही असं भरा.

अडकलात तर आधी खाली उतरून बघा. आउटबॅकचं पोट जमिनीपासून ८.७ इंच, जवळपास २२ सेंटिमीटर वर आहे. बर्फ त्याहून खोल असेल तर गाडी पोटावर बसते आणि चाकं हवेत लटकल्यासारखी होतात, मग चार काय आणि दोन काय. फावड्याने पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ काढा. चाकं सरळ करा. एक्स-मोड, म्हणजे निसरड्या रस्त्यासाठीची गाडीतली सोय, लावा, तो ताशी साधारण २५ मैलांखाली काम करतो आणि ॲक्सिलरेटर मवाळ करतो. हलत नसेल तर घसरणं रोखणारी यंत्रणा तात्पुरती बंद करा, नाहीतर चाक फिरलं की इंजिनाची ताकदच कापली जाते. हळुवार पुढे, हळुवार मागे. बाहेर पडलात की ती परत चालू करायची. आणि गाडीत बसून हीटर लावून मदतीची वाट बघत असाल, तर दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरच्या तोंडाजवळचा बर्फ काढत राहा. तोंड बुजलं तर धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. माझ्या गाडीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च, घसरणाऱ्या चाकांखाली टाकायला मांजराच्या मातीची एक पिशवी आणि शेंगदाणा चिक्की नोव्हेंबरपासून असते.

घरी पोहोचल्यावर सपाट जागा असेल आणि कडाक्याची थंडी असेल तर मी पार्किंग ब्रेक लावत नाही, नुसतं 'पी' मध्ये ठेवते, ब्रेक गोठून चिकटू नये म्हणून. वायपर उभे करते. मग बुटाच्या टाचेने चारही चाकांच्या आतला बर्फ पाडते. तो रात्री रिमच्या आत एका बाजूला गोठून बसला, तर दुसऱ्या दिवशी ताशी ५० मैलांवर स्टिअरिंग असं हादरतं, की चाक निखळतंय असं वाटावं. पहिल्या वर्षी मी त्यासाठी गाडी गॅरेजला नेली होती. तिथल्या माणसाने चाकातून ओंजळभर बर्फ काढला आणि पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री अण्णांना फोन केला तेव्हा आधी उतरण कशी केली ते सांगितलं.