घर विकायचंय? आधी कागद काढा, मग फोटो

घर विकायचं ठरलं की लोक आधी रंगारी बोलावतात, पण खरं काम कपाटातल्या फाईलमध्ये असतं. मालकी कोणाकोणाच्या नावावर आहे, कर भरलाय का, कर्ज बाकी असेल तर बँक किती दिवसात कागद सोडते हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक तयार आणि तुम्ही बँकेच्या दारात असं होतं.

किंमत ठरवताना जाहिरातीतले आकडे बघू नका, ते मागणीचे असतात, मिळालेले नाही. आसपास तेवढंच घर खरंच कितीला गेलं ते शोधा. पहिल्या काही आठवड्यातच जास्त लोक बघायला येतात, तेव्हा उगाच चढा भाव लावला तर नंतर उतरवावा लागतो आणि मग बघणारा म्हणतो, काहीतरी गडबड असणार.

आता घर. भिंतीला ओल असेल तर वरून रंग फासू नका, हात लावला की पोपडा निघतो आणि विश्वासही जातो. गळती दुरुस्त करा, नाहीतर सरळ सांगून टाका. गळणारा नळ, करकरणारं दार, गेलेला बल्ब एवढं केलं तरी पुरे, नवीन किचनवर घातलेले पैसे सगळे परत येतीलच असं नाही. आणि हो, देवघरापासून फ्रीजपर्यंत काय नेणार, काय ठेवणार ते लेखी द्या, भांडणं पंख्यांवरूनच होतात! चावी मात्र पूर्ण पैसे खात्यात दिसल्यावरच, आणि त्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा.