विंडोज आणि लिनक्स यांच्यात सामायिक पार्टिशन कसे तयार करावे

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स बसवलेले असले, तरी लिनक्सला विंडोजचे एनटीएफएस (फायली मांडण्याची विंडोजची पद्धत) वापरणारे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, वाचता-लिहिता येते आणि विंडोजला मात्र लिनक्सच्या ईएक्सटी४ या पद्धतीचे पार्टिशन आपणहून उघडता येत नाही. म्हणून दोन्हीकडे लागणाऱ्या फायलींसाठी तिसरे, स्वतंत्र पार्टिशन करावे.

प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडण्याचा संकेतांक, हाताशी ठेवावी. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' वापरून जागा मोकळी करावी आणि तेथे एनटीएफएस पार्टिशन तयार करावे. फॅट३२ आणि एक्सफॅट या फायली मांडण्याच्या आणखी दोन पद्धती आहेत. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही, परंतु त्यात जर्नल (होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंद) नसल्यामुळे वीज अचानक गेल्यास नुकसानीचा धोका अधिक असतो. आतल्या डिस्कसाठी मी एनटीएफएसच निवडेन.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि फायली गमावण्याचे मोठे कारण तेच आहे. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि तिच्यात पार्टिशनची जुनी माहितीही राहते. अशा वेळी लिनक्समधून काही लिहिले, तर पुन्हा सुरू झालेले विंडोज त्या जुन्या माहितीवरच काम करते आणि नव्या फायली नाहीशा किंवा खराब होऊ शकतात. म्हणूनच लिनक्स असे पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही. हा अडसर बळजबरीने काढू नये. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढावी. एका प्रणालीला हायबरनेट करून (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करून) दुसरी सुरू करणेही टाळावे.

लिनक्समध्ये 'डिस्क्स' हे ॲप उघडून नव्या पार्टिशनच्या 'एडिट माउंट ऑप्शन्स'मध्ये संगणक सुरू होताच ते माउंट होण्याचा, म्हणजे वापरासाठी जोडले जाण्याचा, पर्याय निवडावा. पर्यायांच्या ओळीत 'नोफेल' असल्याची खात्री करावी, म्हणजे पार्टिशन सापडले नाही तरी लिनक्स सुरू होताना अडणार नाही.

फाइलच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह घालू नये, कारण लिनक्सला चालणारी ही चिन्हे विंडोजला चालत नाहीत. पुढे कधी लिनक्सने पार्टिशनमध्ये दोष असल्याचे सांगितले, तर विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील 'टूल्स'खाली त्रुटी-तपासणी चालवावी आणि ती पूर्ण झाल्यावर 'रीस्टार्ट' करूनच लिनक्सकडे परतावे.