जुनी लेन्स, नवा कॅमेरा: अडॅप्टरआधी मिलिमीटर बघा

फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून नव्याने लागलेली मुलं हमखास विचारतात, "दादा, काकांची जुनी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला चालेल का?" हे ठरतं माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स अडकवायचं कडं) आणि सेन्सर यांच्यातल्या अंतरावर. ते समजलं की मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कुणाच्याही भरवशावर अडॅप्टर, म्हणजे दोन वेगळे माउंट जोडणारा तुकडा, घ्यावा लागत नाही.

आधी आरसा समजून घ्या. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशामार्फत लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, लेन्सच्या मागे ४५ अंशांत तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर फोकसिंग स्क्रीनवर पाठवतो आणि तिथली प्रतिमा पेंटाप्रिझम सरळ करून डोळ्यापर्यंत पोचवतं. ऑटोफोकसवाल्या डीएसएलआरमध्ये (डिजिटल एसएलआर) थोडा प्रकाश आरशातून आरपार जातो आणि मागच्या छोट्या आरशावरून खाली फोकस सेन्सरकडे वळतो. बटण दाबलं की आरसे वर उचलले जातात, शटर उघडतं, आणि तेवढा वेळ व्ह्यूफाइंडर काळा होतो. जुना एसएलआर हाती लागला तर लेन्स काढून ही हालचाल स्वतः बघाच. फक्त आरशाला बोट लावू नका, त्याचा चंदेरी थर पुढच्याच बाजूला असतो.

या आरशाला फिरायला जागा लागते, म्हणून एसएलआरमध्ये माउंट ते सेन्सर हे अंतर मोठं. १९५९ पासूनच्या निकॉन एफ माउंटचं ४६.५ मिमी, जुन्या झेनिट कॅमेऱ्यांच्या एम४२ माउंटचं ४५.४६, कॅनन ईएफचं ४४. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई १८ वर आणि निकॉन झेड १६ वर आलं. निकॉन एफची लेन्स सोनीवर लावायची तर दोन्ही अंतरांतल्या फरकाएवढी, २८.५ मिमीची पोकळ नळी पुरते, आत काच लागत नाही. निकॉनची लेन्स कॅनन डीएसएलआरवरही २.५ मिमीच्या कड्याने चालते. उलट मात्र नाही: कॅननची लेन्स निकॉन एफवर सेन्सरपासून जास्त लांब पडते आणि दूरचं काहीच फोकस होत नाही. त्यावर काचवाले अडॅप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्समागे स्वस्त काच लावणं मला पटत नाही.

लेन्सवर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारी) रिंग आहे ना, तेही बघा. कॅनन ईएफचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. साध्या नळीवर ते बदलताच येत नाही. आणि मुंबईत जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बुरशी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. इथल्या पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर सहज धरतात. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा.

अडॅप्टर आला की संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जा, मलबार हिलचे दिवे धरा. फोकसची रिंग दूरच्या टोकापर्यंत फिरवूनही दिवे धारदार होत नसतील तर अडॅप्टर जाड आहे, परत करा. आणि शटरच दाबलं जात नसेल तर घाबरू नका. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा.