पानझडी जंगलाचा कार्बन मोजायचाय? आधी रात्रीचे आकडे तपासा

थंड प्रदेशातल्या पानझडी जंगलाचा कार्बन-हिशेब शिकताना प्रकाशसंश्लेषण किंवा श्वसन कोणालाच जड जात नाही. जड जातात ते रात्रीचे आकडे. आणि ते चुकलेत हे बहुतेक वेळा वर्षाची बेरीज लिहून झाल्यावर कळतं. तेव्हा खूप वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगतो.

हात बसवायला मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅमचं हार्वर्ड फॉरेस्ट घ्या. 1907 साली सुरू झालेलं हे संशोधन-जंगल. तिथल्या टॉवरवर 1990 च्या सुमारापासून कार्बन डायऑक्साइडची ये-जा मोजली जाते. रेड ओक आणि रेड मेपल ही मुख्य झाडं. विदर्भातली सागाची पानगळ मात्र डोक्यातून काढा. तिथे पानं पाण्याच्या ताणाने गळतात, इथे दिवस लहान होतो आणि थंडी पडते म्हणून. इथे मेच्या मध्याच्या आसपास पालवी फुटते, पण घेणं देण्यापेक्षा जास्त व्हायला जून उजाडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पारडं पुन्हा फिरतं. हिवाळ्यात बर्फाखालची मातीही कार्बन सोडत राहते.

हे जंगल वर्षाला हेक्टरी साधारण 13 टन कार्बन घेतं आणि 10-11 टन परत सोडतं. पदरात उरतात दोन-अडीच टन. म्हणजे आपला आकडा दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे. सोडण्याच्या बाजूला दहा टक्के चूक झाली, तर वजाबाकीतला जवळजवळ निम्मा आकडा खोटा ठरतो.

आता मुख्य खड्डा. टॉवरवरचा सॉनिक अ‍ॅनिमोमीटर वाऱ्याचे चढउतार मोजतो, गॅस अ‍ॅनालायझर कार्बन डायऑक्साइड मोजतो, आणि दोन्हींच्या सहसंबंधातून बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाचा प्रवाह काढतात. हे सगळं हवा घुसळली जात असेल तरच चालतं. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते. मातीतून निघालेला वायू झाडांखाली साठतो, काही उताराने बाजूला वाहून जातो, आणि टॉवरवरचं यंत्र म्हणतं की जंगल फारसं सोडतच नाही.

एक हिशेब करून बघा. खरं श्वसन दर चौरस मीटरला, दर सेकंदाला 5 मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड आहे आणि शांत रात्री यंत्र 2 दाखवतं. फरक 3. दहा तासांच्या रात्रीत तो चौरस मीटरला सुमारे 1.3 ग्रॅम कार्बन होतो. अशा 40 रात्री धरल्या तर 52 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी अर्धा टन. जंगलाने न घेतलेला अर्धा टन तुम्ही त्याच्या नावावर जमा केलात!

उपाय असा. आधी साठा मिळवा: टॉवरवर वेगवेगळ्या उंचीला कार्बन डायऑक्साइड मोजलेला असतो, त्यातला बदल प्रवाहात जमा करा. मगच घर्षण-वेगाची, म्हणजे यू-स्टारची (हवा किती घुसळतेय त्याचं माप) चाळणी लावा: ते माप एका मर्यादेखाली असेल तेव्हाचे रात्रीचे आकडे गाळा. क्रम उलटा केलात तर रात्रीची जागा मॉडेलने भराल आणि सकाळी वारा सुटल्यावर वर येणारा तोच साठा पुन्हा मोजाल. तोच कार्बन दोनदा.

चाळणीची मर्यादा दुसऱ्याच्या पेपरातून उचलू नका. हा आडमार्ग मला मुळीच पटत नाही. आपल्या जंगलाच्या रात्री तापमानाच्या गटांत वाटा, प्रत्येक गटात यू-स्टारसमोर प्रवाह मांडा, आणि आलेख जिथे सपाट होतो ती मर्यादा धरा. ऋतूनुसार ती वेगळी निघू शकते. मग मर्यादा थोडी वर-खाली करून वर्षाची बेरीज पुन्हा काढा आणि निकाल एका आकड्यात नव्हे, पल्ल्यात द्या.

चाळणीनंतर निम्म्याहून जास्त रात्री गेल्या तरी घाबरू नका, तसंच होतं. रिकाम्या जागा मातीच्या तापमानावरून भरा, पण समीकरण वर्षभराचं एकच नको. काही आठवड्यांच्या सरकत्या खिडकीत बसवा. नाहीतर ऑगस्टमधल्या कोरड्या मातीला जूनच्या ओल्या मातीचं श्वसन चिकटतं. तयार सॉफ्टवेअर पॅकेज हे सगळं एका कमांडमध्ये करतं. वापरा जरूर, पण एक महिना तरी हाताने करून झाल्यावर. मार्गदर्शक निवडताना मी एवढंच बघेन, की तो कच्ची फाइल उघडून शेजारी बसतो का.

चिन्हं आणि एककं पटकन: उणे म्हणजे जंगलाने घेतलेला कार्बन. कार्बनचे टन आणि कार्बन डायऑक्साइडचे टन यांत 3.67 पट फरक आहे.

लांब पल्ल्याचं एक. हे जंगल अजून कार्बन जमवतंय, कारण ते सोडून दिलेल्या शेतजमिनीवर उगवलेलं आहे आणि 1938 च्या चक्रीवादळातून सावरत वाढलेलं आहे. हा वेग कायमचा धरू नका. तिथेच 1991 पासून माती 5 अंशांनी गरम ठेवण्याचा प्रयोग चालला. 26 वर्षांत वरच्या 60 सेंटिमीटरमधला 17 टक्के कार्बन गेला, तोही एकसारखा नाही, टप्प्याटप्प्याने.

टॉवरचा निकाल झाडांवर पडताळा. खोडाचा घेर दरवर्षी त्याच उंचीवर, त्याच खुणेवर मोजा. वाढमापक पट्टी बसवली असेल तर पहिल्या हंगामाची नोंद वापरू नका. पट्टी सैल असते आणि खोडावर बसायला तिला वेळ लागतो.