कॉन्फिग फाइलमध्ये ✅ आणि ❌? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून सकाळी फोन आला. "सर, सगळ्या पार्ट्यांना उधारीचे मेसेज गेलेत. पैसे भरलेल्यांनापण. लवकर या की." मी पोचलो तेव्हा शेठ एकेका व्यापाऱ्याला फोन लावून माफी मागत होते. कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची फाइल, उघडली, तर ओळ अशी:

उधारी_मेसेज: ❌

फुली म्हणजे बंद, पण ते माणसासाठी. यामल (YAML) या सेटिंग्ज लिहिण्याच्या पद्धतीच्या लेखी ❌ हा नुसता मजकूर आहे, आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत 'इफ' (if, म्हणजे जर) पुढे आलेला मजकूर रिकामा नसला की तो खराच धरला जातो. तिथे ✅ लिहा नाहीतर ❌, मेसेज जाणारच. अवतरणचिन्हांत 'फॉल्स' (false, म्हणजे खोटं) लिहिलं तरी तेच. ज्या मुलाने हे बसवलं, त्याने ✅ लावून मेसेज जातोय एवढं पाहिलं आणि घरी गेला. नव्या पोरांची ही घाई मला फार खटकते. स्विच बंद करून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

मग त्याने घाईनेच दुरुस्ती केली: '✔ असेल तरच चालू'. संध्याकाळी माल निघाला, पण ज्यांना हवेत त्यांनाही मेसेज जाईनात. शेठनी फोनवरून पाठवलेली टिक त्याने फाइलमध्ये चिकटवली होती. दोन्ही टिकांची लांबी मोजून घेतली. कोडमधली १, फाइलमधली २. फोनच्या कीबोर्डने टिकेमागे एक अदृश्य चिन्ह जोडलं होतं, व्हेरिएशन सिलेक्टर. टिक रंगीत दिसावी म्हणून ते असतं. डोळ्यांना ते कधीच सापडलं नसतं.

माझी सवय साधी आहे. फाइलमध्ये लहान अक्षरांत ट्रू (true) किंवा फॉल्स (false), अवतरणाशिवाय. चिन्ह हवंच असेल तर # नंतरच्या टिपेत, किंवा स्क्रीनवर दाखवा. प्रोग्रॅम सुरू होतानाच प्रत्येक स्विचची किंमत खरोखर बूलियन, म्हणजे फक्त ट्रू किंवा फॉल्स, आहे का ते तपासतो. नसेल तर त्या सेटिंगचं नाव छापून तिथेच थांबवतो. 'कळलं नाही तर फॉल्स धरा' असा कोड मी कुणाचाही पुढे जाऊ देत नाही.

टिकेच्या जागी âœ“ दिसतंय? विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ (UTF-8) ही अक्षरं साठवण्याची पद्धत सांगायची राहिलीय.

देवनागरी १ आणि ० वापरू नका. पायथनचा आकडे वाचणारा 'इंट' ते ओळखतो, पण सेटिंग्ज वाचणाऱ्या कॉन्फिगपार्सरचा 'गेटबूलियन' एरर देतो.

जेसन (JSON) या दुसऱ्या पद्धतीच्या फाइलमध्ये अवतरणाशिवाय ✅ टाकली तर फाइलच वाचली जात नाही. निदान चूक लगेच कळते.

यामलच्या १.१ या आवृत्तीत 'नो' (no) म्हणजे फॉल्स. निर्यातीच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड NO याच कारणाने फॉल्स होतो. २००९ च्या १.२ मध्ये हा नियम बदलला, तरी पायथनची पाययामल लायब्ररी जुन्याच नियमाने वाचते. देशांचे कोड अवतरणातच लिहा.