बॉडी बदलली आणि खंड्या लहान झाला

नवी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, कॅमेरा बॉडी हातात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीच्या तळ्यावर नेहमीच्याच दगडाआड जाऊन बसले. समोरच्या वाळक्या फांदीवर रोजचा खंड्या. लेन्स जुनीच, ७०-३०० मिमी. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर पक्षी आदल्या आठवड्यापेक्षा लहान दिसला. झूम पुरता ओढला नसेल म्हणून रिंग चाचपली, ती ३०० वरच टेकलेली होती. ज्या कॅमेऱ्यासाठी दीड वर्ष पैसे बाजूला टाकले, त्यानं खंड्याला माझ्यापासून लांब नेऊन बसवलं होतं.

ही सकाळ मला अजून सलते. म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्यांची कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स वापरून झाली, एखादी ५५-२५० किंवा ७०-३०० हाताशी आहे, पक्ष्यांचं वेड लागलंय आणि जमलेल्या पैशात नवी बॉडी किंवा नवी लेन्स यातली एकच वस्तू येणार आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. अपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला समजतात असं धरून चालते.

मी जिथे फसले ते आधी सांगते आणि जरा विस्तारानं सांगते, कारण हे मला कुणी आकडे मांडून सांगितलं नव्हतं. छोटा खंड्या साधारण १६ सेंटीमीटरचा. तो १५ मीटरवर बसला असेल तर ३०० मिमी लेन्स त्याची प्रतिमा सेन्सरवर साधारण ३.२ मिलिमीटर लांबीची पाडते. ही लांबी लेन्स आणि अंतर ठरवतात, मागे सेन्सर कोणता आहे याचा तिच्याशी काही संबंध नाही. माझ्या जुन्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीत २३.५ मिलिमीटर रुंदीवर ६००० पिक्सेल होते, म्हणजे खंड्याच्या वाट्याला ८१५ च्या आसपास पिक्सेल यायचे. नवी बॉडीही २४ मेगापिक्सेलचीच, पण तिथे तेच ६००० पिक्सेल ३६ मिलिमीटरवर पसरलेले. खंड्याला मिळाले ५३० च्या आसपास. ही झाली फक्त लांबी. लांबी-रुंदी दोन्ही धरली तर पक्ष्यावरचे पिक्सेल अर्ध्याहूनही खाली आले. उरलेले सगळे पाण्यावर आणि आकाशावर गेले, जे मी घरी येऊन कापूनच टाकणार होते.

यावर लगेच कुणी म्हणतं, मग ४५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घ्यायची. तिच्यात रुंदीला ८२०० च्या आसपास पिक्सेल असतात. खंड्याला मिळतील ७३० च्या आसपास. माझ्या जुन्या बॉडीपेक्षा तरीही कमीच! आणि त्याच जुन्या बॉडीवर ६०० मिमी लेन्स लावली असती तर १६३० च्या आसपास. हा हिशेब कागदावर करायला मला दहा मिनिटं लागली. खरेदीच्या आधी ती दहा मिनिटं मी काढली नाहीत.

पण फुल फ्रेममध्ये नॉईज (फोटोतला दाणेदारपणा) कमी असतो ना? मीही ती बॉडी नॉईजसाठीच घेतली होती. ही गोष्ट खरी आहे, पण फ्रेम पक्ष्यानं भरलेली असेल तेव्हाच. मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणून तो एकूण प्रकाश तेवढा जास्त गोळा करतो. मात्र तुम्ही मधला तुकडा कापून घेता तेव्हा हा जास्तीचा प्रकाश ज्या कडांवर पडला होता त्या कडाच फेकून देता. हातात राहते ती तीच ३.२ मिलिमीटरची प्रतिमा, आणि तिच्यावर किती प्रकाश पडला हे लेन्सच्या तोंडाच्या व्यासावर ठरतं. फोकल लेंथला एफ आकड्यानं भागा. ३०० मिमी, एफ/५.६ म्हणजे व्यास साधारण ५४ मिलिमीटर. ६०० मिमी, एफ/६.३ म्हणजे ९५. क्षेत्रफळात जवळपास तिप्पट. म्हणजे जी लेन्स एफ आकड्यावरून मंद वाटते, ती त्याच खंड्याकडून तिप्पट प्रकाश आणते. लांबच्या, लहान पक्ष्यासाठी नॉईजवरचा उपायसुद्धा लांब लेन्स हाच आहे. हे उमगायला मला जवळपास एक वर्ष लागलं आणि तोवर मी दर रविवारी नव्या बॉडीचे मेन्यू उलटसुलट करत बसले होते.

एक छोटी गोष्ट ओघात सांगून ठेवते. तुमची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, खास क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली असेल तर फुल फ्रेमवर घोटाळा आणखी वाढतो. कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स बसतात, पण कॅमेरा क्रॉप मोडमध्ये जातो आणि २४ मेगापिक्सेलचे साडेदहाच्या आसपास उरतात.

मला फुल फ्रेम घ्यायला सांगणारे सर अतिशय उत्तम फोटोग्राफर आहेत. त्यांच्याकडे ६०० मिमी एफ/४ आहे. तिचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे माझ्या लेन्सच्या जवळपास आठपट प्रकाश. ते पक्ष्यानं फ्रेम भरू शकतात, तेव्हा त्यांच्यासाठी मोठा सेन्सर हेच बरोबर उत्तर होतं. "सर, कोणती बॉडी घेऊ?" असं मी विचारलं आणि त्यांनी बॉडी सांगितली. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या दिवसापासून माझं एक ठाम मत झालं आहे. तुमचे फोटो न बघता जो गिअर सुचवतो, त्याचं ऐकून घ्या आणि सोडून द्या, मग तो कितीही मोठा असो. सल्ला देणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते आधी बघा, कारण तो त्या पिशवीतूनच बोलत असतो.

पुढे मला एक ताई भेटल्या. त्यांनी माझे चांगले फोटो बघायला नकार दिला. म्हणाल्या, "टाकून दिलेले आण." तीन महिन्यांच्या रॉ (कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या) फाइल घेऊन आम्ही एक अख्खी दुपार बसलो आणि प्रत्येक फोटो का टाकला ते लिहीत गेलो. पक्षी लहान म्हणून टाकला, हलला म्हणून टाकला, फोकस मागच्या फांदीवर गेला म्हणून टाकला, की दाणेदार आला म्हणून टाकला? माझा सगळ्यात मोठा ढीग लहान पक्ष्यांचा निघाला. त्याखालोखाल हललेल्यांचा. नॉईजमुळे टाकलेले सगळ्यात कमी, आणि त्यातलेही बहुतेक लहान पक्षी ओढूनताणून क्रॉप केल्यामुळे दाणेदार झालेले. ज्या दुखण्यासाठी मी बॉडी घेतली, ते दुखणं मला जवळजवळ नव्हतंच.

ही दुपार काढल्याशिवाय खरेदी करू नका. सेल संपत असेल तर संपू दे.

ढिगातून काय दिसतं ते थोडं सांगते. हललेल्या फोटोंवर बहुतेक वेळा कुठलीच खरेदी लागत नाही. मी ३०० वर १/३२० सेकंदानं फोटो काढत होते, कारण आयएसओ वाढवायची भीती वाटायची. बसलेल्या पण चुळबुळ्या छोट्या पक्ष्याला १/१००० च्या आसपास हवं, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पंख थांबवत नाही. दाणेदार फोटो वाचवता येतो, हललेला नाही. आणि दुपारच्या उन्हात लांबवरचा पक्षी मऊ, वितळल्यासारखा आला तर लेन्सला किंवा बॉडीला दोष देऊ नका. तापलेल्या हवेची ती थरथर असते आणि ६०० मिमीतून ती आणखी ठळक दिसते. पहाटे जा.

फोकसचा ढीग मोठा असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे बॉडीचं पारडं जड होतं. आधी एवढंच बघा की डीएसएलआरमध्ये फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागेच जातोय का. तसं असेल तर अनेक बॉडींत फाइन ट्यूनची (फोकस किंचित पुढे-मागे सरकवायची) सोय असते, ती वापरा. आरसा नसलेल्या मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवर मोजला जातो, म्हणून ही कटकट जवळजवळ राहत नाही. पण तुम्ही प्रामुख्यानं उडते पक्षी टिपत असाल, हाताशी ९ किंवा ११ फोकस पॉइंटची जुनी बॉडी असेल आणि लेन्स ४०० च्या पुढची आधीच असेल, तर बिनधास्त बॉडी घ्या. कॅनन आर५ २०२० मध्ये आला, सोनी ए१ आणि निकॉन झेड९ २०२१ मध्ये. तेव्हापासून पक्ष्याचा डोळा शोधून त्याला धरून ठेवणारा ऑटोफोकस हळूहळू खालच्या बॉडींतही उतरला आहे. हा फरक जाहिरातीपुरता नाही, मी दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर तो स्वतः अनुभवला आहे. एक सावधगिरी घ्या. स्वस्त मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की सेन्सर सावकाश वाचला जातो आणि वेगानं हलणारे पंख वाकडे येतात. घेण्याआधी पंखा फिरत असताना एक फोटो काढून बघा.

बाकी जुन्या बॉडीची लाज बाळगू नका. निकॉन डी५०० २०१६ चा, २०.९ मेगापिक्सेलचा. कॅनन ७डी मार्क २ २०१४ चा, २०.२ मेगापिक्सेलचा. दोन्ही सेकंदाला १० फ्रेम काढतात आणि दोन्ही क्रॉप सेन्सरचे. तेव्हा लोकांनी यांच्यावर जे काम केलं, ते आजही तितकंच सुंदर आहे. तुमच्याकडे यातलं काही असेल तर लेन्स घ्या आणि शांत झोपा.

लेन्स घ्यायचीच ठरली तर आधी ती तासभर हातात धरून बघा. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ट्रायपॉड कॉलरसकट २.३ किलोची आहे, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोच्या आत बसते. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ दीड किलोहूनही हलकी आहे, पण तिला झूम नाही. वजन कागदावर वाचणं आणि बगळा उडायची वाट बघत वीस मिनिटं ते उचलून धरणं यात फार अंतर आहे. ज्यांची मनगटं किंवा खांदा दुखतो त्यांनी हा मुद्दा सगळ्यांच्या वर ठेवावा.

'मिररलेसकडे जायचंय, मग डीएसएलआरची लेन्स वाया जाईल' ही भीती बरीचशी अनाठायी आहे. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेस आरएफ बॉडीवर छान चालतात, निकॉनच्या मोटर असलेल्या एफ माउंट (डीएसएलआरच्या) लेन्स अडॅप्टर लावून मिररलेस झेडवर चालतात. फक्त निकॉनच्या जुन्या, स्क्रूनं फिरणाऱ्या एएफ-डी लेन्सना निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही. सोनीवाल्यांनी लक्षात ठेवावं की दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली तर वेगवान बॉडीसुद्धा सेकंदाला १५ फ्रेमवर थांबते आणि सोनीचे टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून लांबी वाढवणारी भिंगं) तिच्यावर बसत नाहीत.

टेलिकन्व्हर्टरबद्दल माझं मत कडक आहे. १.४ चा लावला की एक स्टॉप, म्हणजे अर्धा, प्रकाश जातो, २ चा लावला की दोन. एफ/६.३ ची झूम एफ/९ होते आणि तिथे बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस हात टेकतो. महागड्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर तो शोभतो. नवशिक्यानं ७०-३०० ला तो लावून लांबी मिळवायचा प्रयत्न करू नये. सॉफ्टवेअरचंही तसंच. नॉईज काढायला मी ते वापरते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण ५३० पिक्सेलचा पक्षी फुगवून त्यावर नवी पिसं उगवणारं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. ती पिसं त्या खंड्याची नव्हती.

फुकटची लांबी एकच आहे. १५ मीटरचं अंतर साडेसातवर आलं की प्रतिमा दुप्पट होते, जणू ३०० ची ६०० झाली. त्यासाठी पक्ष्याच्या मागे पळायचं नसतं, त्याच्या आवडत्या फांदीजवळ त्याच्या आधी जाऊन, खाली बसून, न हलता थांबायचं असतं. मला यात सहा सकाळी लागल्या, तुम्हाला दोन लागतील किंवा दहा. न जमणाऱ्या सकाळी वाया गेल्या असं समजू नका, त्यातच पक्ष्याची वेळ कळते. फक्त घरट्याजवळ हे कधीही करू नका. पिल्लं किंवा अंडी असलेल्या पक्ष्याला दबकावून मिळालेला फोटो मला कुणी दाखवला तर मी बघतही नाही.

जुनी क्रॉप बॉडी मी विकली नव्हती, एवढं बरं झालं. चूक उमगल्यावर ती परत बाहेर काढली, पुढे कोणीतरी नीट वापरलेली १५०-६०० घेतली आणि त्याच दगडाआड जाऊन बसले. खंड्यासाठी आजही हीच जोडी नेते. फुल फ्रेम संध्याकाळी बगळ्यांच्या थव्यांना कामी येते, तिथे फ्रेम आपोआप भरते आणि मोठ्या सेन्सरचं खरं रूप दिसतं.

गेल्या महिन्यात पुन्हा टाकलेल्या फोटोंचे ढीग केले. लहान पक्ष्यांचा ढीग आता मूठभर आहे. सगळ्यात मोठा ढीग फोकसचा, आणि त्यातले बरेच खंड्या पाण्यात सूर मारतानाचे. आणखी दोन महिने हाच ढीग वर राहिला, तर बॉडी बघायला सुरुवात करेन.