पूर्व फ्लोरेसच्या डोंगरगावांसाठी पेरणीपूर्व सल्ला : ऑक्टोबर ते जानेवारी

इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातो. उरलेले सात-आठ महिने कोरडे. आपल्याकडे रब्बी ज्वारी पेरून होते त्या सुमारास फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकावर आणि समोरच्या सोलोर, आदोनारा, लेम्बाता बेटांवर मक्यासाठी रान साफ करायला सुरुवात होते. हा सल्ला तिथल्या दुर्गम, कोरडवाहू गावांसाठी आहे. पिके मात्र आपल्या ओळखीचीच : मका, ज्वारी, तूर, काजू, शेवगा, आणि बांधावर सुबाभूळ.

जानेवारी-फेब्रुवारीत या गावांत धान्य संपते. जुना मका खाऊन झालेला असतो आणि नवा अजून शेतात हिरवा असतो. ही टंचाई इतकी ठरलेली आहे की तिथले लोक तिला नेहमीची भूक म्हणतात, आणि दुष्काळाची भूक वेगळी मोजतात. ती दिसते जानेवारीत, पण ठरते ऑक्टोबरातच. काजूचा पैसा कुठे गेला, बियाणे किती राखले आणि पहिल्या सरीला भुलून पेरले का, या तीन गोष्टींवर ती ठरते. म्हणून पाऊस नसतानाच्या या महिन्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो.

काजूचा हंगाम साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. बोंड आपोआप गळून पडल्यावरच बी वेचावी. झाडावरून ओढून काढलेल्या कोवळ्या बीला ना वजन असते ना गर. बोंडापासून पिळून वेगळी केलेली बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजली की पोत्यात भरावी. तिथली बहुतेक बी कच्चीच विकली जाते आणि व्हिएतनाम व भारतातल्या कारखान्यांकडे जाते. ओल्या बीला व्यापारी आधीच घट धरून भाव देतो, म्हणून रोज किलो-दोन किलो देण्यापेक्षा चार-पाच घरांनी वाळलेला माल एकत्र विकावा. झाडाला मोहोर असतानाच उचल घेऊन पीक लिहून देण्याची पद्धत तिथेही आहे. ती एका वर्षात सुटत नाही. पण निदान अर्धी झाडे तरी मोकळी ठेवावीत. पैसा हातात आला की आधी मार्चपर्यंतचे धान्य आणि मगच बाकी सगळे.

आता पेरणी. हंगामातले सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात एखादी दणदणीत सर येते, काठीने भोके पाडून लोक मका टोबतात, अंकुर वर येतात आणि मग दोन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. रोप जळते, बियाणे जाते आणि दुसऱ्या पेरणीला घरात दाणा उरत नाही. इंडोनेशियाचे हवामान खाते, बीएमकेजी, पावसाळा सुरू झाला असे कधी मानते हे लक्षात ठेवण्यासारखे आहे : दहा दिवसांत किमान ५० मिलिमीटर पाऊस आणि पुढच्या दोन्ही दहा-दहा दिवसांतही तेवढाच. एका सरीने पावसाळा लागत नाही. पुढचे वीस दिवस कुणाला दिसत नाहीत हे खरे. म्हणून खात्याचा हंगामी अंदाज गावाच्या कार्यालयातून मागून घ्यावा आणि शेतात वीतभर खड्डा खणून पाहावा. माती तळापर्यंत ओली आणि मुठीत गोळा होण्यासारखी असेल तरच टोबावे. २०१५ आणि २०२३ यांसारख्या एल निनोच्या, म्हणजे समुद्र तापून इथला पाऊस लांबण्याच्या, वर्षी थांबण्याची तयारी आणखी ठेवावी लागते.

एवढे करूनही चूक होऊ शकते, त्यामुळे बियाणे दोन पेरण्यांचे राखावे. यात तडजोड नको. घरात खायला कमी असले तरी बियाण्याची कणसे वेगळी बांधून ठेवावीत. तिथला जुना देशी पांढरा मका यासाठी चांगला. त्याची साल कणसाच्या टोकापर्यंत घट्ट असते, सोंडे लवकर आत शिरत नाहीत आणि सालीसकट चुलीवरच्या धुरात टांगला की टिकतो. संकरित मका उत्पन्न जास्त देतो, पण साठवणीत लवकर पोखरला जातो. तो लावायचा तर विकण्यापुरता लावावा. घरात खायचा आणि पुढे पेरायचा मका देशीच असावा.

सगळ्या रानात मका टोबू नये. वरच्या खडकाळ, हलक्या उतारावर ज्वारी घ्यावी. ती या बेटांवर नवी नाही. तांदळाची सवय लागली आणि ती मागे पडली. मारिया लोरेथा या शेतकरी कार्यकर्तीने जुनी वाणे शोधून ती पुन्हा पेरती केली, आणि पूर्व फ्लोरेसमधली लिकोतुदेन ही वस्ती आज ज्वारीसाठी ओळखली जाते. पाऊस खंडला की मका माना टाकतो, ज्वारी तग धरते. कापणीनंतर ओल असेल तर खोडवा, म्हणजे कापलेल्या खोडातून फुटणारे दुसरे पीकही येते. त्रास पाखरांचा. एकाच घरची ज्वारी फुलात आली तर सगळा थवा तिथेच उतरतो, म्हणून शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरावी. मक्याच्या ओळींत तूर आणि भोपळा घालावा. तूर उशिरा येते आणि मका निघाल्यावरही शेतात उभी राहते.

मका खाणारी लष्करी अळी इंडोनेशियात २०१९ मध्ये पोहोचली, आपल्याकडे आली त्याच्या पुढच्याच वर्षी. उगवणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी पोंगे, म्हणजे रोपाच्या मधोमध गुंडाळलेली कोवळी पाने, तपासावेत. पानावरचे अंडीपुंज बोटांनी चिरडावेत. अळी पोंग्यात शिरली असेल तर नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकावा. फवारणीच्या औषधावर रोख पैसा घालण्याआधी हे करून पाहावे.

रान पेटवून साफ करण्याची रीत जुनी आहे, पण उतारावर ती परवडत नाही. पहिल्या पावसात राख आणि माती दोन्ही खाली वाहते आणि आग शेजारच्या काजूत शिरली तर दहा वर्षांची झाडे एका दुपारी जातात. शेजारच्याच सिक्का जिल्ह्यात १९७० च्या दशकात समपातळीवर सुबाभळीच्या ओळी लावून उतार धरून ठेवले गेले. जिथे त्या ओळी शिल्लक आहेत तिथे पावसाआधी गुडघा-मांडीइतक्या उंचीवर छाटाव्यात, पाला ओळींमध्ये पसरावा, जाड फांद्या सरपणाला. जाळायचेच असेल तर बागेच्या कडेने आधी रुंद पट्टा साफ करावा आणि वारा पडल्यावर, माणसे उभी करूनच काडी लावावी.

हे सगळे करणार कोण, हा खरा प्रश्न आहे. या गावांतले तरुण पिढ्यान्‌पिढ्या मलेशियाच्या साबाह राज्यात मळ्यांवर कामाला जातात. घरी बायका, म्हातारी माणसे आणि मुले. अशा घराने सगळे रान करण्याच्या मागे लागू नये. घराजवळचा, पाणी धरणारा तुकडा नीट करावा आणि लांबचे रान काजू, तुरीला सोडावे. तिथल्या लामाहोलोट भाषक गावांत गेमोहिंग नावाची सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत आहे. पेरणीच्या आठवड्याची पाळी पाऊस पडायच्या आधीच ठरवून घ्यावी आणि ज्या घरात पुरुषमाणूस नाही त्याचा नंबर पहिला लावावा.

पन्हळी आणि पाण्याच्या टाक्या आत्ताच धुवाव्यात. पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेऊ नये, विशेषतः लेवोतोबी ज्वालामुखीच्या परिसरात. नोव्हेंबर २०२४ च्या उद्रेकानंतर तिथे छपरांवर राख बसणे नेहमीचे झाले आहे. राख पडलेला चारा झटकून, धुऊनच जनावरांना घालावा.

डुकरांना बाहेरून आणलेले मांस किंवा समारंभातले उष्टे घालू नये. आफ्रिकन स्वाइन फीवर या प्रांतात २०२० मध्ये शिरला, त्यावर औषध नाही, आणि लग्न-मयताचा खर्च जिच्यावर चालतो ती घरची ठेव त्यात आठवड्याभरात जाते.

एक काम गावाचे. २०१५ पासून प्रत्येक गावाला केंद्राचा ग्रामनिधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे गावच्या बैठकीत ठरते. ज्वारी मागे पडण्याचे एक मोठे कारण म्हणजे ती उखळात कांडण्याचे कष्ट, आणि ते बायकांच्याच वाट्याला येतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात ज्वारी कांडण्याचे एक लहान यंत्र मागावे. मागणी बायकांनी स्वतः बैठकीला जाऊन मांडावी आणि यंत्र चालवण्याचा हिशेबही त्यांच्याच गटाकडे ठेवून घ्यावा.